कुऱ्हाडफेक: पहिल्यांदा जाणाऱ्यांचे आणि थोडं पुढे गेलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑफिसच्या आउटिंगमुळे किंवा मुलांच्या आग्रहामुळे कुऱ्हाडफेकीच्या ठिकाणी जायची वेळ येते. इकडे गावाकडे शेत असलेल्यांना वाटतं, हे आपल्याकडेही करता येईल. दोन्हीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, नंतर किचकट. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुऱ्हाडफेक म्हणजे तिथे नेमकं करतात काय?

लाकडी फळ्यांचं एक टार्गेट असतं, त्यावर वर्तुळं रंगवलेली असतात. सुमारे १२ फुटांवरच्या रेषेमागे उभं राहून छोटी हातकुऱ्हाड फेकायची. हवेत तिची एक पूर्ण गिरकी व्हायला हवी आणि धार फळीत रुतायला हवी. रुतली तर गुण, नाही तर शून्य.

प्रत्येक लेनमध्ये शेजारी शेजारी दोन टार्गेटं असतात आणि दोघं जण जोडीने फेकतात. लेनच्या दोन्ही बाजूंना आणि वर जाळी किंवा लाकडी भिंत असते. प्रत्येक गटाबरोबर एक कोच असतो. तो आधी १०-१५ मिनिटं शिकवतो, मग लहान लहान सामने लावतो.

२. हे सुरू कुठून झालं?

आजच्या शहरी स्वरूपात टोरोंटोतून. मॅट विल्सन यांनी २००६ साली आपल्या घराच्या मागच्या अंगणात मित्रांची लीग सुरू केली. पुढे ती बंदिस्त जागेत गेली आणि त्या धर्तीवर ठिकठिकाणी केंद्रं निघाली. आता दोन मोठ्या संघटना आहेत: इंटरनॅशनल ॲक्स थ्रोइंग फेडरेशन, जी २०१६ साली राष्ट्रीय संघटना म्हणून सुरू झाली, आणि २०१७ ची वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीग. खाली त्यांना फेडरेशन आणि लीग एवढंच म्हटलं आहे. दोघांचं टार्गेट वेगळं, गुण वेगळे (प्रश्न १३ पाहा). लाकूडतोड्यांची कुऱ्हाडफेक याहून जुनी आहे, ती प्रश्न १९ मध्ये.

३. माझ्या हातात ताकद नाही. जमेल का?

जमेल. पहिल्या तासात सगळ्यात जास्त हाल ताकदवान माणसांचेच होतात, कारण ते जोर लावतात. कुऱ्हाडीच्या डोक्याचं वजन साधारण ७०० ते ८०० ग्रॅम असतं आणि धार पातळ असते. मऊ लाकडात शिरायला तेवढं वजन पुरतं. जोर लावला की दर फेकीला गिरकीचा वेग बदलतो, वेग बदलला की अंतर चुकतं, आणि अंतर चुकलं की कुऱ्हाड आपटून खाली पडते. दर वेळी हात सारखाच फिरला पाहिजे. ते एकदा साधलं की बाकीचं काम पायांनी मागेपुढे सरकून होतं.

४. जाताना काय घालावं?

पुढून बंद असलेले बूट. चप्पल, सँडल, उघड्या बोटांची कोणतीही पादत्राणं घालून बहुतेक ठिकाणी लेनमध्ये घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे: खाली पडलेली कुऱ्हाड पायाच्याच दिशेने येते. खांदे मोकळे फिरतील असा शर्ट किंवा टॉप घाला. सलवार-कमीजवर गेलात तर ओढणी काढून ठेवा. साडी असेल तर पदर खोचून, पिन लावून घट्ट करा, कारण हात डोक्यामागे जातो तेव्हा सुटा पदर कुऱ्हाडीच्या वाटेत येतो. सैल बांगड्या, कडं आणि मोठं घड्याळ काढा. लांब केस बांधा. तळहाताला घाम येत असेल तर छोटा टॉवेल न्या. ओल्या हातातून दांडा आधीच निसटतो.

५. वेळ आणि खर्च किती?

उत्तर अमेरिकेत माणशी तासाला साधारण २५ ते ४५ डॉलर पडतात, शनिवार-रविवारी जास्त. दोघा-चौघांना एक तास पुष्कळ झाला. आठ-दहा जण असतील तर दोन तास घ्या, कारण प्रत्येकाच्या वाट्याला फेकी कमी येतात. जाण्याआधी जबाबदारीमुक्तीचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो न वाचता सही करू नका. वयाची अट आणि बुटांचा नियम त्यातच असतो.

६. फेक पायरीपायरीने सांगाल का?

दोन हातांची फेक आधी शिका, ती सरळ जाते.

उभं राहणं: पाय खांद्याइतके फाकवा, दोन्ही एका रेषेत. किंवा एक पाय अर्धं पाऊल पुढे. दोन्हींतलं एक निवडा आणि पूर्ण तासभर तेच ठेवा.

पकड: दांड्याच्या अगदी खालच्या टोकाशी धरा. एका हातावर दुसरा हात, क्रिकेटची बॅट धरतात तसे. अंगठे दांड्याभोवती वळलेले हवेत; दांड्याच्या पाठीवर सरळ ताणून ठेवले तर सोडताना अंगठा दांड्याला ढकलतो आणि गिरकी बिघडते. पकड पक्की, पण मुठी पांढऱ्या पडतील इतकी आवळलेली नको.

पातं सरळ आहे का पाहा: कुऱ्हाड छातीसमोर धरा आणि धारेकडे बघा. धार नेमकी टार्गेटकडे हवी, डावीउजवीकडे कललेली नको. हे दर फेकीआधी तपासा.

मागे नेणं: दोन्ही हात डोक्यावरून मागे, कुऱ्हाड मानेमागे लोंबेल इतपत. कोपरं कानांजवळ, बाहेर फाकलेली नकोत. मागे एक क्षण थांबलात तरी चालेल.

पुढे आणणं आणि सोडणं: हात एका सरळ रेषेत वरून पुढे आणा. ते पूर्ण ताणले जाऊन डोळ्यांच्या उंचीवर, टार्गेटकडे रोखलेले असतील तेव्हा बोटं उघडा. कुऱ्हाड ढकलायची नाही, नुसती सोडायची. मनगट ताठ ठेवा. चेंडू फेकताना शेवटी मनगटाला झटका द्यायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, ती इथे विसरावी लागते.

सोडल्यावर: हात टार्गेटकडेच राहू द्या, नंतर आपोआप खाली येतील. लगेच मागे ओढलेला हात फेक अर्ध्यावर तोडतो.

७. कुऱ्हाड फळीला लागते पण रुतत नाही. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर नव्वद टक्के वेळा अंतरात असतं. एक पूर्ण गिरकी ठरावीक अंतरात होते आणि ते अंतर प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे, हाताच्या वेगाप्रमाणे वेगळं असतं. कोणत्या बाजूला सरकायचं ते कुऱ्हाड स्वतः सांगते. कान देऊन ऐका.

लाकडावर लाकूड आपटल्याचा बोदा आवाज आला, म्हणजे दांड्याचं खालचं टोक आधी लागलं. गिरकी पूर्ण व्हायच्या आत फळी आली. तुम्ही फार जवळ आहात. अर्धं पाऊल मागे जा.

खणकन लोखंडी आवाज आला, म्हणजे डोक्याची वरची सपाट बाजू आधी लागली. गिरकी गरजेपेक्षा जास्त झाली. तुम्ही फार लांब आहात. अर्धं पाऊल पुढे या.

रुतलेल्या कुऱ्हाडीवरूनही हेच कळतं. दांडा खाली झुकून फळीला टेकत असेल तर गिरकी थोडी कमी पडली. दांड्याचं टोक वर उचललेलं आणि पात्याचा फक्त वरचा कोपरा रुतलेला असेल तर थोडी जास्त झाली. दोन्ही वेळा चार-सहा इंचच सरका. एकदम फूटभर सरकलात तर उलट्या बाजूची चूक होते आणि मग नेमकी जागा हुकत राहते.

आता अंतराखेरीजची कारणं. पात्याची सपाट बाजू थपडेसारखी लागत असेल तर सोडताना दांडा हातात वळला आहे. बहुतेक वेळा वरचा हात जास्त ओढतो. कुऱ्हाड टार्गेटवरून वर जात असेल तर लवकर सोडताय. टार्गेटच्या खाली किंवा जमिनीवर जात असेल तर उशिरा सोडताय, म्हणजे पकड फार घट्ट आहे. कधी बोदा आवाज, कधी खणखणाट, असं आलटून पालटून होत असेल तर जागा बदलू नका. हाताचा वेग किंवा मनगट सारखं नाही. पाय आहेत तिथेच ठेवा, निम्म्या जोराने पाच-सहा फेकी करा, आवाज एकसारखा येऊ लागला की मग सरका.

८. रेषा १२ फुटांवर असताना कोच मला त्याच्याही मागे का उभं करतो?

१२ फूट ही पुढे येण्याची हद्द आहे, तिथेच उभं राहावं असं नाही. पुष्कळांची एक गिरकी साडेबारा ते चौदा फुटांत पूर्ण होते. उंच माणसाचे हात लांब असतात, त्यामुळे सोडण्याची जागाच टार्गेटजवळ येते. त्याला मागे जावं लागतं. हात सावकाश फिरवणाऱ्याची गिरकीही सावकाश असते, त्यालाही मागे. तुमची जागा सापडली की जमिनीवरची एखादी खूण, फळीचा सांधा किंवा टेपची पट्टी लक्षात ठेवा. लेन बदलली की ती जागा पुन्हा तपासा.

९. एका हाताने फेकावं की दोन हातांनी? आणि मी डावखुरा आहे.

एका हाताने नेम जास्त अचूक साधता येतो. लीगमध्ये खेळणारे पुष्कळ जण एकाच हाताने फेकतात. पण एका हातात दांडा वळायची शक्यता जास्त, म्हणून दोन हातांनी दहातल्या सात-आठ रुतायला लागल्यावरच तिकडे वळा. एका हाताने फेकताना विरुद्ध पाय पुढे ठेवा: उजवा हात, डावा पाय. डावखुऱ्यांसाठी वेगळी कुऱ्हाड नसते, पाय फक्त उलटे. गुणांसाठी वरच्या बाजूचे छोटे ठिपके असतात, त्यांतला आपल्या हाताच्या बाजूचा आधी सराव करा.

१०. कुऱ्हाड उलटून अंगावर येते का?

येऊ शकते. म्हणूनच सगळे नियम आहेत. सर्वात जोरात परत येते ती दांड्याचं टोक सरळ फळीवर आपटल्यावर, कारण लाकूड लवतं आणि उसळी मारतं. त्यात फळी वाळून टणक झालेली असेल, किंवा फेकणारा हद्दीच्या पुढे येऊन पूर्ण जोराने फेकत असेल, तर धोका वाढतो. आपटून खाली पडणारी कुऱ्हाड सहसा टार्गेटपासून काही फुटांतच थांबते. जमिनीवर जाडजूड रबर असेल तर तिथूनही ती उडी मारते, त्यामुळे फेकल्यावर पाठ फिरवू नका. कुऱ्हाड स्थिर होईपर्यंत डोळे तिच्यावर ठेवा. परत येताना दिसली तर बाजूला व्हा. पकडायचा किंवा पायाने अडवायचा प्रयत्न कधीही करू नका.

लेनमध्ये फक्त फेकणारे दोघं. बाकी सगळे मागच्या रेषेच्या मागे, फोटो काढणारेसुद्धा. सेल्फीसाठी टार्गेटसमोर उभं राहायचं असेल तर आधी दोन्ही कुऱ्हाडी ठोकळ्यावर ठेवल्या आहेत हे बघा.

११. रुतलेली कुऱ्हाड काढायची कशी, दुसऱ्याला द्यायची कशी?

शेजारच्याची फेक झाली आहे याची खात्री करा. दोघांनी एकाच वेळी आत जायचं, एकाच वेळी बाहेर यायचं.

काढताना दांड्याचं खालचं टोक धरून आधी वर उचला, मग खाली दाबा. असं वरखाली केल्यावर पातं सैल होतं आणि सरळ आपल्याकडे ओढता येतं. डावीउजवीकडे हिसके देऊ नका: त्याने फळीचे तुकडे निघतात आणि दांडा डोक्यापाशी तडकतो. चेहरा कुऱ्हाडीच्या सरळ रेषेत ठेवू नका.

परत येताना कुऱ्हाड तिच्या पात्याच्या डोक्यापाशी धरून, हात खाली सोडून, धार जमिनीकडे ठेवून चालत या. हातातून हातात कधीच द्यायची नाही. ठोकळ्यावर किंवा खाली ठेवा, पुढच्याने तिथून उचलावी.

१२. मुलं, आई-बाबा, खांद्याचं दुखणं, बिअर: कोणाला चालेल, कोणाला नाही?

मुलांची किमान वयोमर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, त्यामुळे बुकिंगच्या आधी फोन करा. लहानग्यांसाठी काही ठिकाणी फोमच्या कुऱ्हाडी आणि चिकटणारं टार्गेट असतं. पण मुलाचं वय बसतं म्हणजे तो तयार आहे असं नाही. 'थांब' म्हटल्यावर जो थांबतो, त्याला न्या.

साठीपुढच्या आई-बाबांना सहज जमतं, मात्र सुरुवात दोन हातांनी आणि निम्म्या जोराने करावी. हात खांद्याच्या वर नेताना दुखत असेल, खांदा अवघडलेला (फ्रोझन शोल्डर) असेल किंवा मानेचं दुखणं असेल तर फेकू नये. हात डोक्यामागे नेण्याची क्रिया नेमकी तिथेच ताण देते. गरोदरपणात फेकू नये, उसळलेल्या कुऱ्हाडीचा धोका त्यासाठी घेण्यासारखा नाही.

कितीही तरुण असलात तरी खांदे आणि मनगटं दोन मिनिटं फिरवून घ्या. सवय नसलेल्यांचे दंड आणि पाठ दुसऱ्या दिवशी दुखतातच.

बऱ्याच ठिकाणी बिअर मिळते. आधी फेका, मग प्या. एक ग्लास पोटात गेल्यावर सोडण्याची वेळ बिघडते, आणि ते फेकणाऱ्याला कळत नाही, शेजारच्याला कळतं. कोचने थांबवलं तर वाद घालू नका.

१३. गुण कसे मोजतात? प्रत्येक ठिकाणी वेगळं का सांगतात?

दोन संघटनांची दोन टार्गेटं, म्हणून. आधी विचारा, कोणत्या पद्धतीने खेळतोय.

लीगच्या टार्गेटवर पाच वर्तुळं असतात: बाहेरून आत १, २, ३, ४ आणि मध्यावर ६. वरच्या दोन कोपऱ्यांत निळे ठिपके, त्यांना किलशॉट म्हणतात, प्रत्येकी ८. सामना १० फेकींचा. सगळ्यात जास्त ६४ होतात: आठ वेळा ६ आणि दोन्ही किलशॉट.

फेडरेशनच्या टार्गेटवर तीनच भाग: १, ३ आणि मध्ये ५. वर दोन हिरवे ठिपके, त्यांना क्लच म्हणतात, ७ गुणांचे. पाच-पाच फेकींच्या तीन फेऱ्या, आणि क्लचवर फक्त फेरीच्या पाचव्या फेकीला जाता येतं. एका फेरीत जास्तीत जास्त २७, तिन्ही मिळून ८१. सामना बरोबरीत सुटला तर मोठी कुऱ्हाड बाहेर येते: लांब दांडा, जड डोकं, आणि लांबचं अंतर, कारण लांब दांड्याची गिरकी सावकाश होते.

ओळीने सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. पहिल्या दिवशी मध्यावर नेम धरा.

१४. पातं रेषेवर बसलं, किंवा कुऱ्हाड रुतून थोड्या वेळाने पडली, तर?

रेषेवर: लीगच्या नियमाने जास्त गुणांच्या वर्तुळाची रेषा पात्याने ओलांडली तर जास्त गुण. फेडरेशनमध्ये पात्याचा मोठा भाग जिथे आहे तिथले गुण. त्यामुळे एकाच फेकीला एकीकडे आतल्या भागाचे जास्त गुण मिळतील तिथे दुसरीकडे बाहेरच्या भागाचे कमी मिळू शकतात. निर्णय होईपर्यंत कुऱ्हाडीला हात लावू नका.

पडली तर: तुम्ही काढायला हात लावण्याआधी पडली असेल तर सहसा शून्य.

क्लच सांगून मधल्या ५ वर बसली तर: फेडरेशनच्या नियमाने शून्य. क्लचवर जाणार हे फेकण्याआधी मोठ्याने सांगावं लागतं. न सांगता तिथे लागली तर ७ मिळत नाहीत. चुरशीच्या सामन्यात क्लचवर जायचं की निश्चित ५ घ्यायचे, हाच या खेळातला सगळ्यात रंगणारा क्षण.

१५. गावाकडची आमची कुऱ्हाड चालेल का?

नाही. तिच्यात उणीव काही नाही, तिचं काम वेगळं आहे. आपली लाकूड फोडायची कुऱ्हाड जड असते, पातं पाचरीसारखं जाड असतं, म्हणजे शिरल्यावर लाकूड दुभंगतं. फेकीला पातळ पातं लागतं. दुसरं, आपल्याकडे नेढं (दांडा बसवायचं भोक) पुष्कळदा गोल असतं आणि दांडा बांबूचा किंवा बाभळीचा ठोकून बसवलेला असतो. हातात धरून घाव घालताना ते पुरतं, पण आपटल्यावर डोकं दांड्यावर गोल फिरतं आणि धारेची दिशा बदलते. काही वेळा डोकं दांड्यातून निसटतं. सुटलेलं डोकं कुठे जाईल याचा अंदाज बांधता येत नाही. कोयता, फरशी, शोभेच्या परशू तर मुळीच नको.

१६. स्वतःची घ्यायची तर कोणती घ्यावी?

लाकडी दांड्याची. दोन्ही संघटनांच्या स्पर्धांत दांडा लाकडाचाच लागतो, त्यामुळे एकसंध पोलादी हातकुऱ्हाड कितीही टिकाऊ असली तरी तिथे चालत नाही. शिवाय तिचा हादरा कोपराला जास्त बसतो. डोकं दीड ते पावणेदोन पौंड, दांडा १४ ते १६ इंच, धार साडेतीन-चार इंच. दांडा हिकरी या चिवट अमेरिकी लाकडाचा असेल तर उत्तम. दांड्याच्या खालच्या टोकाकडून बघा: लाकडाचे रेषे धारेला समांतर गेलेले हवेत. आडवे गेले असतील तर तो दांडा पहिल्या काही दिवसांतच चिरतो. पातं दांड्यावर डुगडुगत असेल तर तिथेच परत करा.

पहिल्या दोन-तीन वेळा केंद्रातल्याच कुऱ्हाडी वापरा. कोणती लांबी हाताला बसते ते कळल्याशिवाय विकत घेणं वाया जातं.

१७. शेतावर टार्गेट बनवायचं आहे. लाकूड कोणतं, मापं काय?

मऊ, सरळ रेषांचं, फार न वाळलेलं. अमेरिकेत पाइन, पॉप्लर, कॉटनवुड वापरतात. महाराष्ट्रात सगळ्यात सोपं म्हणजे पॅकिंगचं पाइन, ज्याला वखारीत सरसकट देवदार म्हणतात. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड-दारूखान्याच्या वखारी, तिथे कापून मिळतं. सावर मिळाली तर तीही चांगली, फार मऊ असते. साग, बाभूळ, साल नको: कुऱ्हाड उसळते आणि पैसे जातात ते वेगळेच.

फळ्या २ इंच जाड, १० इंच रुंद, ४ फूट लांब, पाच नग. त्या उभ्याच लावायच्या. धार उभी येते, त्यामुळे उभ्या रेषांच्या मधे शिरते. आडव्या फळीचे रेषे तिला तोडावे लागतात आणि ती परत येते. मागे १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर, आणि सगळं जमिनीत पक्क्या गाडलेल्या खांबांवर. मध्यबिंदू जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर. स्क्रू फक्त वरच्या आणि खालच्या टोकांना मारा. मध्यावर एकही स्क्रू राहिला तर पहिल्याच दिवशी धारेत खाच पडेल. मधल्या तीन फळ्या लवकर झिजतात, त्या सुट्या बदलता येतील अशा लावा. भर गर्दीच्या केंद्रात मधली फळी एका दिवसातही बदलावी लागते.

टार्गेटच्या खालची मोकळी जागा फळ्यांनी बंद करा, मागे मातीचा बांध किंवा रिकामं रान असू द्या. दगडी भिंत मागे नको. बाजूला आणि मागे माणसांची, गुरांची वाट नको. उन्हाळ्यात फळ्या वाळून टणक होतात, आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा. पावसाळ्यात फळ्या छान मऊ राहतात, पण गवत आणि दांडा दोन्ही निसरडे होतात, तेव्हा न फेकलेलंच बरं.

जिवंत झाडावर फेकू नका. गोल खोडावरून कुऱ्हाड घसरून बाजूला जाते, आणि सालीला झालेल्या जखमेतून बुरशी शिरते. शहरी भागात झाडाला इजा करणं हे १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यातही येतं. सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्येही टार्गेट लावू नका; कितीही जाळी लावली तरी खाली माणसं असतात.

१८. धार किती हवी? डोकं डुगडुगायला लागलं तर?

कागद कापेल इतकी धार नको, ती लगेच वळते. बोट आडवं फिरवल्यावर कडक, स्वच्छ कड लागली की झालं. सपाट कानस घ्या, एकाच दिशेने, धारेपासून दूर ढकला, दोन्ही बाजूंना सारखे हात मारा. ग्राइंडरवर घासू नका: पातं तापून निळसर झालं की तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं. खाच पडली असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत सगळी कड सारखी मागे घ्या, नुसती खाच उकरू नका.

डोकं हललं की फेकणं तिथेच बंद. दांडा उलटा धरून, डोकं खाली लोंबतं ठेवून, दांड्याच्या टोकावर लाकडी हातोड्याने ठोका; डोकं दांड्यावर वर चढून घट्ट बसतं. मग पाचर खोल बसवा, गरज पडली तर नवी घाला. पाण्यात बुडवून फुगवायचा जुना उपाय इथे करू नका. लाकूड फुगून तात्पुरतं घट्ट होतं, वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं. दांड्याला अधूनमधून जवसाचं तेल चोळा. दांड्यावर लांब उभी चीर दिसली तर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका, दांडा बदला.

१९. लाकूडतोड्यांच्या स्पर्धेत दोन धारांची मोठी कुऱ्हाड दिसते. ती वेगळी का?

ती वेगळीच शाखा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावी १९६० पासून लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा भरते. तिथल्या कुऱ्हाडफेकीत दुधारी कुऱ्हाड २० फुटांवरून फेकतात. टार्गेट ३६ इंच व्यासाचं, मधला ठिपका ४ इंचांचा. ते ओंडक्याच्या आडव्या कापाचं असतं, म्हणजे रेषे तुमच्या दिशेने उभे असतात. धार त्यांच्यामध्ये सहज शिरते. शेतावर कापलेला जाड ओंडका पडलेला असेल तर प्रश्न १७ मधल्या फळ्यांऐवजी असा काप वापरता येतो: निदान दोन फूट व्यासाचा, आठ इंच जाड, स्टँडवर पक्का बांधलेला. दुधारी कुऱ्हाड मात्र नवख्याने घेऊ नये. हात मागे जातो तेव्हा मागची धार स्वतःच्याच डोक्याजवळून फिरते.

२०. भारतात कुऱ्हाड बाळगणं, नेणं कायदेशीर आहे का? विमानात?

शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात, युद्धात वापरायच्या कुऱ्हाडीही येतात. घरगुती, शेतीच्या, औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. सुताराची किंवा बागकामाची हातकुऱ्हाड अवजार म्हणून घरी असणं यात अडचण नाही. पण ती घेऊन रस्त्याने फिरणं वेगळं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावारी, निवडणुकीत किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात आणि तेव्हा अशी हत्यारं सार्वजनिक जागी बाळगता येत नाहीत. नेताना धारेवर जाड चामड्याचं किंवा कॅनव्हासचं कव्हर, बंद पेटी, गाडीच्या डिकीत, आणि बिल बरोबर. व्यावसायिक केंद्र सुरू करायचं असेल तर स्थानिक पोलीस ठाणे आणि वकील, दोघांकडे आधी जा.

विमानात केबिनमध्ये कुऱ्हाड नेता येत नाही, भारतातही नाही आणि अमेरिकेतही नाही. चेक-इन सामानात धार झाकून, घट्ट गुंडाळून ठेवा, आणि तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा.

२१. पहिला पाऊण तास सगळ्या रुतत होत्या, मग अचानक एकही नाही. असं का?

तीन कारणं, याच क्रमाने तपासा. एक: फळी. मध्यावर इतके घाव बसलेले असतात की लाकूड भुगा होऊन धरत नाही. मध्यापासून हातभर बाजूला, कोऱ्या भागात फेकून बघा. तिथे रुतली तर कोचला फळी बदलायला किंवा पाणी मारायला सांगा. दोन: दमणं. खांदा थकला की हात सावकाश येतो, गिरकी कमी पडते आणि दांड्याचा बोदा आवाज येऊ लागतो. अर्धं पाऊल मागे जा किंवा दहा मिनिटं बसा. दमल्यावर जोर वाढवून भरपाई करू नका. खांदे त्यानेच दुखावतात. तीन: तुम्ही नकळत पुढे सरकला आहात. दर फेकीला पाय दोन-तीन इंच पुढे येतात आणि पाच-सहा फेकींनंतर फूटभर अंतर कमी झालेलं असतं. प्रश्न ८ मध्ये सांगितलेली जमिनीवरची खूण शोधा आणि तिच्या मागे उभे राहा.